लिनक्स कर्नलमधील गर्दी-नियंत्रण : क्युबिक ठेवावे की बीबीआर लावावे?

बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यातून सुट्या भागांची रेखाचित्रे पुण्याच्या ग्राहकाकडे जातात, निपाणीच्या अडत दुकानाचा हिशेब रात्री मुंबईतील भाड्याच्या सर्व्हरवर उतरवून ठेवला जातो, खानापूरचा छायाचित्रकार लग्नाचे चित्रीकरण संकलनासाठी बंगळूरला पाठवतो. या सर्व कामांत डेटा आपल्याकडून बाहेर जातो. कागदावर १०० मेगाबिटची जोडणी असूनही फाइल त्याच्या पाव वेगानेही सरकत नसेल आणि पाठवणाऱ्या यंत्रावर लिनक्स असेल, तर कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, गर्दी-नियंत्रणाची पद्धत तपासून पाहणे योग्य ठरते. वाटेत गर्दी होऊ नये म्हणून पाठवण्याचा वेग आवरण्याची ही रीत आहे आणि क्युबिक व बीबीआर या तिच्यातील दोन पद्धती आहेत. ती कशी तपासावी, कशी बदलावी आणि कोणत्या परिस्थितीत बदलू नये, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

आज्ञांबद्दल एक सूचना आधीच द्यायला हवी. लेख देवनागरीत असल्यामुळे आज्ञा, फाइलींची नावे आणि कर्नलमधील चलांची नावे उच्चारानुसार लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करावीत. टिंब, तिरकी रेघ, खालची रेघ आणि वजाचे चिन्ह जसे दिसते तसेच ठेवावे. जिथे बदल करायचा आहे तिथे आज्ञेच्या आधी सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावावे.

निर्णय पाठवणाऱ्याचा असतो

सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी होतात, म्हणून हा मुद्दा आरंभीच सांगतो. टीसीपी हा प्रोटोकॉल डेटा पॅकेटांत, म्हणजे छोट्या तुकड्यांत, पाठवून त्यांची पोच घेतो. टीसीपी जोडणीत किती वेगाने पाठवायचे हे पाठवणाऱ्या यंत्राचे कर्नल ठरवते, आणि घेणारे यंत्र पोच देत राहते व आपल्याकडे किती जागा शिल्लक आहे ते कळवते. त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर पद्धत बदलून डाउनलोडचा वेग वाढत नाही, कारण डाउनलोडच्या वेळी पाठवणारा दूरचा सर्व्हर असतो आणि तिथे त्याचीच पद्धत चालते. आपण बदललेली पद्धत फक्त अपलोडला लागू होते. टिळकवाडीतील आपल्या कार्यालयात मुंबईच्या सर्व्हरवरून फाइली हळू उतरत असतील, तर बदल मुंबईच्या सर्व्हरवर करायचा आहे, कार्यालयातील संगणकावर नाही. हे एवढे नीट लक्षात ठेवले तर निम्मे निष्फळ प्रयोग टळतात.

दुसरी मर्यादाही इथेच नोंदवावी. ही व्यवस्था टीसीपीपुरती आहे. आजचे ब्राउझर अनेक संकेतस्थळांशी क्विक या प्रोटोकॉलने बोलतात, तो यूडीपी या टीसीपीहून वेगळ्या प्रोटोकॉलवर चालतो आणि त्याचे गर्दी-नियंत्रण त्या त्या प्रोग्रॅमच्या आत असते. कर्नलमधील बदलाचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

दोन पद्धतींमधील फरक

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटपर्यंत कोसळला. दोन्ही ठिकाणांमध्ये जेमतेम ४०० यार्डांचे अंतर होते. यंत्रे हरवलेली पॅकेटे पुन्हा पुन्हा पाठवत होती आणि त्यानेच तुंबा वाढत होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर जो उपाय मांडला, त्याचा गाभा आजही चालतो : पोच न आलेला किती डेटा एका वेळी वाटेत असू द्यायचा याची एक खिडकी ठेवायची, सर्व सुरळीत असेल तोवर ती वाढवायची आणि पॅकेट हरवले की आवरती घ्यायची.

लिनक्समध्ये २.६.१९ या आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून, मूळ निवड क्युबिक आहे. पॅकेट हरवल्यावर जुनी रेनो पद्धत खिडकी निम्मी करते, तर क्युबिक ती सुमारे ७० टक्क्यांवर आणते आणि मग शेवटच्या हानीपासून किती वेळ लोटला त्यावरून घनफलाच्या वक्राने पुन्हा वाढवते. पॅकेट हरवणे म्हणजे वाटेत गर्दी झाली, असे दोन्ही पद्धती मानतात. गूगलने २०१६ मध्ये मांडलेली आणि कर्नल ४.९ पासून उपलब्ध असलेली बीबीआर पद्धत हे गृहीतक सोडून देते. वाटेतील सर्वांत अरुंद ठिकाणाहून प्रत्यक्षात किती डेटा पार होतो आणि रांग नसताना फेरीला, म्हणजे पॅकेट जाऊन पोच परत यायला, कमीत कमी किती वेळ लागतो, हे ती मोजते आणि त्या दोन मापांवरून पाठवण्याचा वेग ठरवते. फेरीच्या किमान वेळेचे नवे माप दहा सेकंदांत मिळाले नाही, तर ती निदान २०० मिलिसेकंद वाटेत फक्त चार पॅकेटे ठेवते आणि माप ताजे करून घेते.

चिकोडी आणि निपाणीच्या पट्ट्यातील वाचकांना हा फरक गाळप हंगामातील साखर कारखान्याच्या दारावरून लगेच समजेल. कारखाना दिवसाला ठरावीक टनच ऊस गाळतो. काट्याबाहेर कितीही ट्रॅक्टर उभे केले तरी गाळप वाढत नाही, फक्त तोडलेला ऊस उन्हात वाळतो. क्युबिक आवार भरून गाड्या परत जाऊ लागेपर्यंत गाड्या वाढवत राहते, तर बीबीआर गाळपाचा वेग पाहून तेवढ्याच गाड्या सोडण्याचा प्रयत्न करते. राउटरमधील बफर, म्हणजे पॅकेटे थांबवून ठेवण्याची जागा, मोठे असले की क्युबिकच्या पद्धतीने रांग लांबते आणि त्याच जोडणीवरून चाललेला व्हिडिओ कॉल अडखळू लागतो.

याउलट, गर्दी नसतानाही पॅकेटे हरवत असतील, उदाहरणार्थ गावातल्या मनोऱ्यावरून घेतलेल्या बिनतारी जोडणीत, तर क्युबिक विनाकारण वेग कमी करते. रेनोच्या ढोबळ सूत्राने हिशेब केला, तर १४६० बाइटची पॅकेटे, ४० मिलिसेकंदांची फेरी आणि एक टक्का हानी असताना एका जोडणीला सेकंदाला सुमारे साडेतीन मेगाबिटच मिळतात, मग जोडणी १०० मेगाबिटची का असेना. एवढ्या अंतरावर आणि एवढ्या हानीला क्युबिकची स्थिती फार निराळी नसते. बीबीआरचा खरा उपयोग अशाच ठिकाणी दिसतो.

बदलाआधीचे मोजमाप

जोडणी शांत असताना दूरच्या सर्व्हरला पिंग करून फेरीचा वेळ लिहून ठेवावा. नंतर मोठी फाइल अपलोड करत असताना तेच पुन्हा करावे. बेळगावहून मुंबई आणि बंगळूर दोन्ही रस्त्याने साधारण ५०० किलोमीटरवर आहेत आणि काचेच्या तंतूत प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या अंतरामुळे फेरीला पाचएक मिलिसेकंद लागणारच. त्यावरचा वेळ वळणाच्या मार्गामुळे, मधल्या यंत्रांमुळे आणि रांगांमुळे जातो. शांत असताना ३० आणि अपलोड चालू असताना ४०० मिलिसेकंद दिसत असतील, तर आपले दुखणे रांगेचे आहे. फेरी फारशी वाढत नाही पण वेगही मिळत नाही असे दिसले, तर हानीचा संशय घ्यावा.

हानी पाहण्यासाठी अपलोड चालू असताना पुढील आज्ञा द्यावी :

एसएस -टीआय

यात प्रत्येक जोडणीपुढे चालू पद्धतीचे नाव, आरटीटी म्हणजे फेरीचा वेळ, मिनआरटीटी म्हणजे आजवरचा किमान वेळ, सीडब्ल्यूएनडी म्हणजे खिडकी आणि रिट्रान्स म्हणजे पुन्हा पाठवलेली पॅकेटे दिसतात. रिट्रान्सचा आकडा सतत वाढत असेल आणि आरटीटी मात्र मिनआरटीटीच्या जवळच राहत असेल, तर पॅकेटे रांग न लागताच हरवत आहेत. वेग मोजण्यासाठी दूरच्या सर्व्हरवर आयपर्फ३ चालवणे सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, कारण त्यात डिस्कचा किंवा संकेतीकरणाचा वेळ मिसळत नाही. शिवाय त्यात -सी या मोठ्या अक्षराच्या पर्यायापुढे पद्धतीचे नाव दिले की फक्त त्या चाचणीपुरती पद्धत बदलते. म्हणजे संपूर्ण यंत्राला हात न लावता दोन्ही पद्धतींची तुलना करता येते, आणि माझ्या मते प्रत्येकाने सुरुवात इथूनच करावी. चाचण्या आलटून पालटून घ्याव्यात, एकदा क्युबिक, एकदा बीबीआर, पुन्हा क्युबिक, आणि प्रत्येक चाचणी निदान मिनिटभर चालू द्यावी. दुपारी घेतलेल्या क्युबिकची रात्री घेतलेल्या बीबीआरशी तुलना केली, तर आपण पद्धतीऐवजी शेजाऱ्यांचा वापर मोजलेला असतो.

मोबाइल जोडणीबाबत थोडी वेगळी काळजी घ्यावी. मोबाइल जाळे हरवलेले तुकडे आपल्या पातळीवर पुन्हा पाठवते, त्यामुळे टीसीपीला हानी कमी आणि फेरीच्या वेळेतील चढउतार जास्त दिसतात. जांबोटी किंवा कणकुंबीकडच्या कमकुवत सिग्नलवर बीबीआर लावले की हमखास फरक पडेल, असे मापाशिवाय गृहीत धरू नये.

प्रत्यक्ष बदल

आपल्या कर्नलमध्ये आत्ता कोणत्या पद्धती चढलेल्या आहेत आणि कोणती चालू आहे, हे पुढील दोन आज्ञांनी कळते :

सिससीटीएल नेट.आयपीव्ही४.टीसीपी_अव्हेलेबल_कंजेशन_कंट्रोल

सिससीटीएल नेट.आयपीव्ही४.टीसीपी_कंजेशन_कंट्रोल

चलाच्या नावात आयपीव्ही४ असले तरी हीच निवड आयपीव्ही६ वरील टीसीपीलाही लागू होते, त्यासाठी वेगळे चल शोधू नये. बहुतेक यंत्रांवर पहिल्या आज्ञेला रेनो आणि क्युबिक एवढेच उत्तर येते. बीबीआर बहुधा मॉड्यूलच्या, म्हणजे कर्नलला गरजेनुसार जोडता येणाऱ्या तुकड्याच्या, रूपात डिस्कवर असते आणि ते असे चढवावे :

मॉडप्रोब टीसीपी_बीबीआर

ही आज्ञा मॉड्यूल सापडत नाही असे म्हणाली, तर एक तर कर्नल जुने आहे किंवा बांधताना ते वगळलेले आहे. भाड्याचा सर्व्हर कंटेनर पद्धतीचा असेल तर कर्नल यजमान यंत्राचे असते आणि आपल्याला मॉड्यूल चढवता येत नाही. अशा वेळी सेवा देणाऱ्याकडेच विचारणा करावी लागते. मॉड्यूल चढल्यावर तात्पुरता बदल असा करावा :

सिससीटीएल -डब्ल्यू नेट.आयपीव्ही४.टीसीपी_कंजेशन_कंट्रोल=बीबीआर

हा बदल यानंतर सुरू होणाऱ्या जोडण्यांना लागू होतो. आधीपासून चालू असलेल्या जोडण्या आपली जुनी पद्धत शेवटपर्यंत सोडत नाहीत, म्हणून निकाल पाहण्यापूर्वी फाइल पाठवणे थांबवून नव्याने सुरू करावे आणि एसएस -टीआय मध्ये बीबीआर हे नाव खरोखर दिसते का, ते पाहावे.

तात्पुरता बदल निदान आठवडाभर, कामाच्या दिवसांत आणि सुट्टीच्या दिवशीही, समाधानकारक वाटला तरच तो कायम करावा. त्यासाठी /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी/ या फोल्डरमध्ये बीबीआर.कॉन्फ नावाची फाइल करून तिच्यात टीसीपी_बीबीआर एवढी एकच ओळ लिहावी. नंतर /ईटीसी/सिससीटीएल.डी/ या फोल्डरमध्ये ९० या आकड्याने सुरू होणारी, उदाहरणार्थ ९०-गर्दी.कॉन्फ अशी फाइल करावी, नाव अर्थातच रोमन अक्षरांत, आणि तिच्यात पुढील दोन ओळी ठेवाव्यात :

नेट.कोअर.डिफॉल्ट_क्यूडिस्क=एफक्यू

नेट.आयपीव्ही४.टीसीपी_कंजेशन_कंट्रोल=बीबीआर

सिससीटीएल --सिस्टम ही आज्ञा दिली की सर्व फाइली नव्याने वाचल्या जातात. या फोल्डरांतील फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि नंतरची आधीचीला झाकते. वितरणाने, म्हणजे उबुंटूसारख्या लिनक्स संचाने, किंवा एखाद्या पॅकेजने ९९ ने सुरू होणारी फाइल ठेवून तिच्यात क्युबिक लिहिलेले असेल, तर आपला बदल टिकणार नाही. यंत्र पुन्हा सुरू केल्यानंतर बदल नाहीसा झाला, अशी तक्रार ऐकू आली की मी आधी हेच पाहायला सांगतो.

एफक्यू कशासाठी?

वरच्या पहिल्या ओळीचा संबंध पॅकेटे जाळ्याच्या कार्डाबाहेर सोडणाऱ्या रांगेशी आहे. बीबीआरला पॅकेटे घोळक्याने न सोडता समान अंतराने सोडावी लागतात. कर्नल ४.९ ते ४.१२ मध्ये हे अंतर राखण्याचे काम एफक्यू रांगच करत असे आणि तिच्याशिवाय बीबीआर लावणे चूक होती. ४.१३ पासून टीसीपी स्वतःही अंतर राखू शकते, त्यामुळे सिस्टमडी (यंत्र सुरू करून सेवा सांभाळणारी व्यवस्था) असलेल्या अनेक वितरणांत मूळचीच असलेली एफक्यू_कोडेल ठेवली तरी बीबीआर चालते. पुष्कळ जोडण्या सांभाळणाऱ्या सर्व्हरवर मात्र मी एफक्यूच पसंत करतो. जे यंत्र राउटरचे काम करते, म्हणजे इतरांची पॅकेटे पुढे ढकलते, तिथे एफक्यू_कोडेल काढू नये, कारण रांग लांबू न देण्याचे तिचे काम तिथे अधिक मोलाचे आहे.

डिफॉल्ट_क्यूडिस्क बदलल्याने आधीच चालू असलेल्या कार्डाची रांग बदलत नाही. टीसी क्यूडिस्क शो या आज्ञेने कोणती रांग आहे ते पाहावे आणि यंत्र एकदा पुन्हा सुरू करावे. चालू कार्डावरच रांग बदलायची असेल तर टीसी क्यूडिस्क रिप्लेस ही आज्ञा आहे, पण अनेक रांगांच्या कार्डावर सर्वांत वर त्या रांगा एकत्र सांभाळणारी एमक्यू असते आणि तिच्या जागी थेट एफक्यू बसवली तर कार्डाचा समांतरपणा जातो.

फक्त एका वाटेसाठी बदल

सर्वच वाहतुकीला एक पद्धत लावण्याची गरज नसते. कार्यालयातील अंतर्गत जाळ्यात क्युबिक उत्तम चालते आणि फक्त मुंबईच्या सर्व्हरकडे जाणारी वाट सदोष आहे, अशी परिस्थिती अनेकदा असते. मार्गाच्या नोंदीतच पद्धत लिहिता येते. आयपी राउट शो ने आपली नोंद पाहून घ्यावी आणि त्या सर्व्हरच्या पत्त्यासाठी स्वतंत्र नोंद करताना शेवटी कंजसीटीएल बीबीआर हे दोन शब्द जोडावेत. राउटरकडून पत्ता नव्याने मिळाला की ही नोंद पुसली जाऊ शकते, म्हणून ती जाळ्याच्या कायम मांडणीत लिहून ठेवावी. प्रोग्रॅम स्वतः लिहिणाऱ्यांना आणखी बारीक मार्ग आहे : सॉकेटवर टीसीपी_कंजेशन हा पर्याय लावून त्या एका जोडणीपुरती पद्धत निवडता येते, आणि पायथनमध्येही तो ३.६ पासून आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात संगणक जाळी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. त्यासाठी खराब जोडणीची वाट पाहायला नको, दोन यंत्रांच्या मध्ये तिसरे लिनक्स यंत्र ठेवून त्यावर टीसीच्या नेटएमने ४० मिलिसेकंद विलंब आणि एक टक्का हानी लावली की पुरते. नेटएम पाठवणाऱ्याच यंत्रावर लावले तर ते तिथल्या टीसीपीच्या रांगेत गुंतते आणि आकडे फसवे येतात.

बफरचे आकडे कधी वाढवावेत?

पद्धतीसोबत बफरही वाढवा, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि बहुतेक वेळा तो अनावश्यक असतो. वाटेत किती डेटा मावतो हे वेग गुणिले फेरीचा वेळ या हिशेबाने निघते. १०० मेगाबिट आणि ४० मिलिसेकंद यांचा गुणाकार ५०० किलोबाइट होतो, आणि पाठवण्याच्या बफरचा आकार ठरवणाऱ्या टीसीपी_डब्ल्यूमेम या चलाचा तिसरा, म्हणजे कमाल आकडा सामान्यतः ४ मेगाबाइट असतो. मुंबई, पुणे, बंगळूरसाठी तो पुरेसा आहे. एक गिगाबिटची जोडणी आणि परदेशातील २०० मिलिसेकंदांवरचा सर्व्हर असेल, तर हिशेब २५ मेगाबाइटवर जातो. तेव्हा पाठवणाऱ्याकडे टीसीपी_डब्ल्यूमेम आणि घेणाऱ्याकडे टीसीपी_आरमेम यांचे कमाल आकडे वाढवावे लागतात. पहिले दोन आकडे तसेच राहू द्यावेत.

जिथे बदल करू नये

बीबीआरची पहिली आवृत्ती, जी मुख्य कर्नलमध्ये येते, ती हानीकडे जवळजवळ दुर्लक्ष करते. मधल्या राउटरचे बफर लहान असेल, तर ती पुष्कळ पॅकेटे पाडते आणि त्याच वाटेवरील क्युबिकच्या जोडण्यांचा वाटा खाते. एकाच जोडणीवर महाविद्यालयाचे वसतिगृह, ग्रंथालय आणि कार्यालय अवलंबून असेल, तर एका सर्व्हरचा वेग वाढवताना इतरांचे नुकसान होते का, हे त्यांच्या यंत्रावरून मोजूनच निर्णय घ्यावा. आपला वेग वाढला आणि त्याच वेळी रिट्रान्सचा आकडाही कित्येक पटींनी वाढला, तर मी क्युबिकवर परत जाण्याचा सल्ला देईन.

तसेच, दुखणे केवळ रांगेचे असेल तर उपाय राउटरवर आहे. कर्नल ४.१९ पासून असलेली केक ही रांग राउटरवर लावून अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या किंचित खाली ठेवली, की रांग सेवा पुरवणाऱ्याच्या डब्यात न साचता आपल्या ताब्यात राहते. मग कार्यालयातील विंडोजचे संगणक, फोन आणि क्विकची वाहतूक, सर्वांनाच त्याचा लाभ होतो, जो सर्व्हरवरील पद्धत बदलून कधीच होणार नाही. डेटा सेंटरसाठीची डीसीटीसीपी पद्धत मात्र अशा सार्वजनिक वाटेवर कदापि लावू नये. तिला वाटेतील प्रत्येक स्विचकडून गर्दीची खूण ठरावीक रीतीने मिळावी लागते आणि ती व्यवस्था इथे नसते.

परत फिरणे सोपे आहे. ९० ने सुरू होणारी ती फाइल आणि मॉड्यूलची फाइल काढून टाकावी, चालू कर्नलमध्ये क्युबिक हे मूल्य पुन्हा लिहावे, मार्गाच्या नोंदीत कंजसीटीएल जोडलेले असेल तर तेही काढावे आणि यंत्र पुन्हा सुरू करून रांग मूळची आली आहे याची टीसी क्यूडिस्क शो ने खात्री करावी. बदलाआधी लिहून ठेवलेले फेरीचे वेळ आणि आयपर्फ३ चे आकडे तेव्हा पुन्हा घेऊन ताडून पाहावेत. दोन्ही वेळचे आकडे जुळले नाहीत, तर या काळात जोडणीच बदललेली आहे आणि क्युबिक व बीबीआर यांची तुलना नव्याने करावी लागेल.